पंखा दुप्पट, बिल किती पट?

प्रश्न : भाजी सुकवायच्या ड्रायरला भट्टीतून जाणाऱ्या लोखंडी नळीतून गरम हवा येते. नळी १० सेंमी व्यासाची, ६ मीटर लांब. पंख्याचा वेग दुप्पट केला तर उष्णताही दुप्पट मिळेल ना? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही हो. मीही उमेदवारीत हाच घोळ घातला होता, नि साहेबांची बोलणी खाल्ली होती.

उदबत्तीचा धूर आधी सरळ चढतो, मग विस्कटतो. सध्याचा वेग ५ मीटर प्रतिसेकंद धरला, तर तुमच्या नळीतली हवा पार विस्कटलेलीच असते. तिचे भोवरे तापलेल्या भिंतीला घासतात आणि तिथलीच उष्णता उचलून आत नेतात. म्हणजे घर्षण कळलं की उष्णतेचाही अंदाज येतो. हे मँचेस्टरच्या प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनी १८७४ मध्येच सांगितलं. हवेला ते छान लागू पडतं. तेलाला मात्र बरीच दुरुस्ती लागते.

आता हिशोब. वेग दुप्पट केला की भिंतीकडून उष्णता घेण्याची क्षमता २ चा ०.८ वा घात, म्हणजे १.७४ पट होते. हवा मात्र दुप्पट, त्यामुळे ती बाहेर पडताना आधीपेक्षा थोडी थंडच! दाब ३.४ पट लागतो, पंख्याची ताकद, म्हणजे त्याचं वीजबिल, जवळजवळ ६.७ पट. नळी आतून गंजली असेल तर त्याहून जास्त.

हा दाब स्वतः मोजायचा तर गवंड्याची लेव्हल नळी आणा, रंगीत पाणी भरा, तिची दोन टोकं लोखंडी नळीच्या दोन टोकांना भोकं पाडून जोडा. आज दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक जेमतेम २ मिलिमीटर दिसेल, वेग दुप्पट केल्यावर ७ च्या आसपास. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत ठेवा.