पुन्हा सगळं उकरून काढलं तर आजार वाढणार नाही का?

वाघाच्या हल्ल्यातून वाचलेलं माणूस असो, विहिरीतून लेकराचा देह बाहेर काढणारा बाप असो, की सोबत्याला ट्रॅक्टरखाली जाताना पाहिलेला गडी असो, घरचे त्याला समुपदेशनाला आणतात आणि दाराशीच मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगतात. "मॅडम, तो विषय तेवढा काढू नका. नाव काढलं का त्याले सोसत नाही." मग मला बोलायचं तरी कशावर? पण ही काळजी खोटी नाही. विषय निघाला की माणूस थरथरतं, घाम सुटतो, दोन रात्री झोप लागत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून तिचं उत्तर सविस्तर देते. त्यासाठी शेवंताबाईंचं उदाहरण घेते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघ काही ताडोब्याच्या हद्दीत बसून राहत नाही. गावाला लागून जंगल, जंगलाला लागून धानाचे बांध. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रभर गळतात आणि उजाडायच्या आत वेचायला जावं लागतं, नाहीतर जनावरं खाऊन टाकतात. वेचणारी बाई वाकलेली असते, नजर जमिनीवर. अशाच एका पहाटे शेवंताबाईंच्या मोठ्या जावेला वाघानं धरलं. शेवंताबाई शेजारच्या झाडाखाली होत्या.

आमच्याकडे त्या पुढच्या दिवाळीनंतर आल्या. तोवर देवऋषी झाला, उतारे झाले, मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या झाल्या. "धसका घेतला हिनं," सासू म्हणाली. रात्री दोन-तीन वेळा किंचाळून उठायच्या, मोहाचा वास आला की ओकारी, परसात एकट्या जायच्या नाहीत. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे सुनेला त्यांनी काचेच्या बांगड्या काढून ठेवायला लावल्या होत्या. नवी सून, सवाशीण, यावरून घरात चांगलीच धुसफूस होती. आवाजानं बाई दचकतात असं समजून घरच्यांनी सगळं घर चिडीचूप केलं होतं. टीव्ही बंद, भांडी हळू. तरी दचकणं वाढतच होतं.

हा आजार, म्हणजे आघातानंतरचा ताण, इंग्रजीत पीटीएसडी, आहे की नुसतं दुःख, हे ठरवायला साधी विचारणा पुरते. प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे येतो का? त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी, माणसं, जागा टाळल्या जातात का? स्वतःबद्दल, जगाबद्दल मन कडू झालंय का, माया-आनंद आटलाय का? शरीर सतत पहाऱ्यावर असतं का, म्हणजे झोप उडालेली, चिडचिड, दचकणं? चारही बाजूंनी खुणा असतील, महिन्यापेक्षा जास्त टिकल्या असतील आणि रोजचं काम अडत असेल, तर उपचार लागतो. महिन्याच्या आतलं बरंचसं आपोआप निवळतं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी गावात जाऊन सगळ्यांना एकत्र बसवून 'मन मोकळं करा' म्हणणारे उत्साही लोक मला अजून भेटतात. त्यानं फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो. त्या दिवसांत पंचनाम्याला, भरपाईच्या कागदांना सोबत, वेळेवर जेवण, रात्री जवळ कुणीतरी झोपायला एवढं पुष्कळ झालं.

आता मूळ शंका. आम्ही उकरून काढायच्या आधी शेवंताबाईंना ते आठवत नव्हतं का? रोज रात्री आठवत होतं. फक्त दर वेळी एकाच जागी तुटत होतं. वाघ झेपावला की त्या जाग्या व्हायच्या. दिवसा आठवण आली की त्या उठून कामाला लागायच्या, गोळी घ्यायच्या, देवाचं नाव घ्यायच्या. पुढचं काहीच घडायचं नाही. तो प्रसंग संपला, त्या त्यातून घरी पोचल्या, हे त्यांच्या आठवणीत येतच नव्हतं. रोज अर्धंच पाहणं सगळ्यात वाईट, कारण पळाल्यावर जी सुटका वाटते तीच मनाला शिकवते की पळालो म्हणून वाचलो. म्हणून उपचारात प्रसंग शेवटापर्यंत सांगायचा असतो, पुन्हा पुन्हा, ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या वेळात. एडना फोआ यांनी अमेरिकेत बलात्कार सोसलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना ही पद्धत घडवली. पुढे ती युद्धावरून आलेल्या सैनिकांसाठीही वापरली गेली. पॅट्रिशिया रेसिक यांची विचार तपासण्याची पद्धत आहे, फ्रान्सिन शपीरो यांची डोळ्यांच्या हालचालींची आहे, त्यांनीही लोक बरे होतात. माझा ओढा पहिलीकडे आहे, कारण तिला लिहिता-वाचता यावं लागत नाही.

साधारण ८ ते १५ भेटी, आठवड्याला एक किंवा दोन, भेट दीड तासाची. त्यात सांगणं ३० ते ४५ मिनिटं आणि नंतर शांतपणे त्यावर बोलायला १५-२० मिनिटं राखूनच ठेवायची. डोळे मिटून, 'मी' म्हणून, आत्ता घडतंय असं सांगायचं: काय दिसतंय, काय ऐकू येतंय, अंगात काय होतंय. भीती मोजायला पुस्तकात शून्य ते शंभरचं माप आहे. आमच्या बायकांना ते लागत नाही. दुखणं उतरलं की 'बारा आणे बरं वाटते' म्हणणारी माणसं आहेत ही. म्हणून विचारायचं, सोळा आण्यांतली किती आणे भीती? उत्तर लगेच येतं, आणि नेमकं येतं.

पहिल्यांदा सांगताना शेवंताबाई तीन वाक्यांत संपल्या. "आमी मोहं येचाले गेलो. वाघ आला. जाऊबाईले नेलं." सोळा आणे. थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी मी फक्त एवढंच विचारलं, वाघ दिसायच्या आधीचं एक मिनिट सांगा.

"मी वाकून हाओ. येचून राहिलो. जाऊबाई पलीकडे हाये, दिसत नाही, पन तिच्या बांगड्या वाजून राहिल्या." मग बराच वेळ गप्प. "मंग बांगड्या वाजनं बंद झालं."

सुनेच्या बांगड्यांचं कोडं तिथं सुटलं. बाई आवाजाला भीत नव्हत्या. चाललेला आवाज थांबण्याला भीत होत्या. भांडी घासता घासता सून थांबली, बांगड्या गप्प झाल्या, की काळीज थांबायचं. घरच्यांनी घर चिडीचूप करून नेमकी तीच शांतता दिवसभर पुरवली होती! कशानं दचकता, हे विचारून असं सापडत नाही. घटनेच्या आधीचं मिनिट सावकाश सांगून घेतलं की सापडतं.

पुढच्या काही भेटींत गोष्ट लांबत गेली, पण एका वाक्यावर येऊन अडायची. "मी मुकी झालो. माह्या तोंडून आवाजच निंगाला नाही. मी वरडलो असतो त वाचली असती." सगळं गाव त्यांना म्हणत होतं, तुझा काही दोष नाही. सासू म्हणाली, नवरा म्हणाला, वनरक्षक म्हणाला. मी म्हटलं नाही. दहाजणांनी म्हटलेलं अकराव्यानं म्हणून काय होणार? अडलेल्या जागेपाशीच थांबून, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा, अगदी हळू सांगायला लावलं. टोपली कुठे होती? हातात काय होतं? बुढा कुठून आला?

बुढा म्हणजे मोहाच्या रांगेपासून खाली दूर, बंधाऱ्यापाशी बसलेले गावचे एक म्हातारे. ते काठी घेऊन पहिले धावले होते.

"बुढा... बंधाऱ्याकडून. पयत." त्यांनी डोळे उघडले. मी मिटा म्हटलं नाही. "तिथून त झाडं दिसतच नाही जी. त्याले कसं समजलं?"

मी गप्प.

"मी वरडलो. ताई, मी वरडलो ना? नाही त बुढा कायले आला असता?"

त्यानंतर त्या खूप रडल्या, पण पहिल्या भेटीतल्यासारख्या नाही. विचारलं, किती आणे? "दहा." आणि घरी जाऊन त्यांनी स्वतःहून एक गोष्ट केली. जावेचा नवरा म्हणजे त्यांचा भासरा. भासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नाही, त्यामुळे तो आपल्याला दोष देतो असं धरून त्या महिनोन्‌महिने पदर ओढून बाजूनं जात होत्या. सासूला मध्ये घालून त्यांनी विचारलं. निरोप आला, पंचनाम्यात तेच लिहिलंय, धाकलीच्या आरडण्यानं माणसं धावली. कागद सुरुवातीपासून घरात पडून होता. आधी कुणी वाचून दाखवला असता तर उपयोग झाला असता का? मला वाटत नाही. आपल्या तोंडून आल्यावरच त्यांना कागदाची गरज वाटली.

सगळं मात्र असं सुटत नाही. 'त्या झाडाखाली जाऊ' असं शेवंताबाईच म्हणाल्या होत्या, आणि ते खरं होतं. इथं समजूत घालायची नाही. त्या पहाटे तुम्हाला काय माहीत होतं, एवढंच तपासायचं. त्या झाडाखाली आधी कितीदा गेलात? आदल्या दिवशी पंजे दिसल्याचं कुणी सांगितलं होतं का? नव्हतं. आज माहीत असलेल्या गोष्टीवरून त्या दिवशीच्या बाईला शिक्षा करता येत नाही, हे पटायला वेळ लागला. चार आणे अजून उरलेत, असं त्या म्हणतात.

खोलीतल्या सांगण्याबरोबर घरचा अभ्यास असतो. टाळलेल्या गोष्टींची शिडी करायची, खालच्या पायरीपासून चढायची. त्यांची शिडी अशी होती: सुनेला पुन्हा बांगड्या, सून मुद्दाम काम थांबवेल तेव्हा जागचं न उठणं, सुकलेली मोहफुलं सुपात घेऊन बसणं, परसात एकटीनं झाडणं, दिवसाउजेडी दोघींबरोबर बांधापर्यंत, जावेच्या मुलीला घरी बोलावणं. शेवटची पायरी सगळ्यात अवघड निघाली, मी ती आधी मधे धरली होती. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत किंवा निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि रोज तेच करायचं.

पहाटे एकटीनं मोहाला जाणं या शिडीत नव्हतं, कधीच नसतं. शहरात शिकून आलेले नवे समुपदेशक इथं घसरतात. जंगलातला वाघ खरा आहे. उजाडल्यावर जाणं, घोळक्यानं जाणं, बोलत-आवाज करत वेचणं, एकीनं राखण करणं ही सावधगिरी आहे, तिच्यावर उपचार करायचा नसतो. सुपातल्या मोहफुलांत वाघ नाही, परसातल्या केरात नाही; उपचार तेवढ्यापुरता.

बिघडतं कुठे? भीती शिखरावर असताना सांगणं थांबवलं तर. 'आज एवढं पुरे' म्हणून माणसाला कोरडं घरी पाठवलं तर पुढची भेट होत नाही, आणि घरचे म्हणतात, बघा, वाढलं. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर स्वप्नं थोडी वाढू शकतात, हे आधीच सांगून ठेवावं. त्याच दिवशी भीती उतरली नाही तरी घाबरू नये. तोच प्रसंग आठवड्यानं सांगताना ती कमी भरली पाहिजे, खरी खूण ती. नवऱ्याला खोलीत बसवू नये, तो 'असं नाही, तसं झालं' म्हणून दुरुस्त्या करत बसतो. सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज एकदा ऐकायचं असतं, पण दोन खोल्यांच्या घरात ऐकणार कुठे? शेवंताबाई दुपारी गोठ्यात ऐकायच्या, कानाला इअरफोन लावून. रात्री झोपताना ऐकू नये, आणि फाइल पोरांच्या हाती लागणार नाही हे बघावं. सांगताना माणूस हरवल्यासारखं झालं, हाकेला उत्तर देईना, तर लगेच डोळे उघडायला लावावेत, पाय जमिनीवर दाबायला, हातात गार पाण्याचा पेला द्यावा, आणि 'होत आहे' ऐवजी 'झालं होतं' असं सांगायला लावावं. सावकाश श्वास सोडण्याचा सराव चांगला, पण तो घरी, एरवीसाठी. सांगण्याच्या मधे नको, नाहीतर तीही पळवाट होते.

घरात मारहाण चालू असेल, जीव द्यायचे विचार असतील, दारू हाताबाहेर असेल, तर हे काम आधी हाती घेत नाहीत, आधी त्या गोष्टींकडे बघायचं. औषधांत सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीनसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो, परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि त्या मनानं बंद करायच्या नाहीत. मेडिकलमधून परस्पर मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, सवय तेवढी लागते. आधीच चालू असतील तर त्या डॉक्टरच्या सल्ल्यानं टप्प्याटप्प्यानं कमी कराव्यात, एकदम तोडू नयेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात तपासणी होते. जाणं जमत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि घरच्यांसाठी एक. मोहाचा हंगाम परत आला की त्रास डोकं वर काढतो, अगदी बरं झालेल्या माणसालाही. तेव्हा उपचार फुकट गेला असं समजू नका. फेब्रुवारीच्या शेवटी जुनं रेकॉर्डिंग काढून आठवडाभर रोज ऐकायचं, शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या पुन्हा करायच्या. तीन आठवड्यांत भीती खाली आली नाही तर थांबू नका, घेऊन या.