मॅक्रोफेजने गिळूनही टीबीचा जंतू मरत का नाही?

मॅक्रोफेज या शरीराच्या संरक्षक पेशी जंतू गिळून पचवतात, मग टीबीचा जंतू त्यांच्याच पोटात कसा वाढतो, असा तुमचा प्रश्न आहे. तो गिळला जातो हे खरं, पण पचनापर्यंत गोष्ट जाऊच देत नाही.

एरवी गिळलेला जंतू फॅगोसोम नावाच्या पिशवीत बंद होतो. पिशवीच्या आवरणावर आत आम्लता वाढवणारे प्रोटॉन पंप बसतात, आतला पीएच ५ च्या आसपास उतरतो म्हणजे पिशवी आंबट होते, मग लायसोसोम ही पाचक एन्झाइम्सची पिशवी येऊन जुळते आणि त्यातली एन्झाइम्स जंतूचा फडशा पाडतात. पिशवीवरचं रॅब५ हे प्रथिन जाऊन रॅब७ आलं, तरच लायसोसोम जुळतो.

टीबीचा जंतू सगळं रॅब५ वरच अडवून धरतो. पुढची प्रथिनं पिशवीवर यायला पीआय३पी हे लिपिड लागतं. जंतूच्या भिंतीतलं लायपोअरॅबिनोमॅनन ते तयार होण्यातच खोडा घालतं. तरीही जे तयार होतं, त्याचा फॉस्फेट सॅपएम हे एन्झाइम तोडून टाकतं. पीटीपीए हे दुसरं एन्झाइम थेट प्रोटॉन पंपाच्या एका घटकाला चिकटतं, त्यामुळे पंप पिशवीवर बसतच नाही. पीएच ६.२ ते ६.४ च्या घरात अडकून राहतो. मेलेला जंतू गिळायला दिला तर मात्र पिशवी नेहमीसारखी आंबट होते, म्हणजे ही अडवणूक जिवंत जंतूच करतो.

माझ्या मते खरं घातक हत्यार ईएसएक्स-१ ही जंतूची प्रथिनं बाहेर सोडणारी स्रावयंत्रणा आहे. तिच्यामुळे पिशवीचं आवरण फाटतं आणि जंतूचा डीएनए पेशीद्रवात पोचतो. पेशीतला सीगॅस हा पहारेकरी तो ओळखून टाइप-१ इंटरफेरॉन हे संदेश देणारं प्रथिन सोडायला लावतो, पण टीबीत हे इंटरफेरॉन बहुतेकदा जंतूच्याच पथ्यावर पडतं. बीसीजी लशीच्या जंतूत या यंत्रणेची महत्त्वाची जनुकं नाहीत. तो सौम्य असण्याचं हे एक मोठं कारण.

सगळेच जंतू असं करत नाहीत. लिस्टेरिया पिशवी फोडून बाहेर पडतो, तर कॉक्सिएलाला आंबट पिशवीच मानवते.

टी-पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या वेगळ्या संदेश-प्रथिनामुळे मॅक्रोफेज चेतवला गेला की अडवलेली पिशवी पुन्हा आंबट होऊ लागते. टीएनएफ हे दाह वाढवणारं संदेश-प्रथिनही जंतूला गाठींमध्ये डांबून ठेवायला मदत करतं. एचआयव्हीत सीडी४ पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) घटल्या की टीबी उसळतो तो यामुळेच. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारं इंजेक्शन सुरू करायचं असेल, तर आधी सुप्त टीबीची तपासणी करून घ्याच.