दिवाळी अंक कशाला मागवतो?

प्रिय चिऊ,

परवा खोकं आलं तेव्हा तू विचारलंस, "बाबा, दिवाळी तर होऊन गेली. मग पोस्टाला एवढे पैसे घालून हे जाडे अंक कशाला मागवतोस? फोनवर वाच की!" गॅसवर दूध होतं, म्हणून मी "आवडतात" म्हणून विषय संपवला. आता नीट लिहून देतो. अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

आधी एक गंमत. ही काही आपली पुराणकाळापासूनची रीत नाही. मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र नावाचे संपादक 'मनोरंजन' मासिक काढायचे. त्यांनी १९०९ मध्ये दिवाळीचा खास अंक काढला, आणि तोच पहिला मानतात. विलायतेतल्या मासिकांचे नाताळ अंक बघून त्यांना हे सुचलं म्हणे. म्हणजे तुझ्या मैत्रिणींच्या ख्रिसमसशी याचं लांबचं नातं आहे! पण मराठी माणसाने ते असं उचललं की आता दर दिवाळीला शेकडो अंक निघतात.

आमच्या घरी अंक विकत घेणं ही चैन होती. आजोबा एखादा घ्यायचे, बाकीचे लायब्ररीतून. गेल्या वेळी आजीने तुला दाखवलं ते ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय मोठं, १८९३ सालचं, दिवाळी अंकांपेक्षाही वयाने वडील. आमची लायब्ररी गल्लीतली, दोन खोल्यांची. दिवाळीत तिथे वेगळी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून आणायचे. मी पिशवी घेऊन जायचो आणि काउंटरवरच्या बाईंना विचारायचो, "'आवाज' आला का हो?" त्या मानही वर न करता म्हणायच्या, "बाहेर आहे." मग ज्याने तो नेला असेल त्या अनोळखी माणसाचा मला भयंकर राग यायचा.

'आवाज'मध्ये खिडकीचित्रं असायची. वरचं पान कापून केलेली छोटी खिडकी. बंद असताना चित्र असं की आत काहीतरी चावट असणार याची खात्री पटावी, आणि उघडून बघावं तर बाई आपली कणीक मळत बसलेली. अंक आमच्या हाती येईपर्यंत इतक्या बोटांनी त्या खिडक्या उघडलेल्या असायच्या की कडा काळ्या पडायच्या, एखादी निखळून हरवलेलीही असायची. मोठी माणसं तो अंक द्यायला जरा का-कू करायची, त्यामुळे आम्ही तोच आधी शोधायचो.

आधी कोण कोण वाचून गेलंय हेही त्या अंकांवरून कळायचं. कुणीतरी रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर "खून मामाने केला" असं लिहून ठेवलेलं (अशा माणसाला काय शिक्षा करावी, तूच सांग). एक गृहस्थ शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करायचे. गृहस्थ की बाई, देव जाणे. ऱ्हस्व-दीर्घ मी शाळेपेक्षा त्यांच्याकडूनच जास्त शिकलो.

घरात अंकाला नंबर लागायचे. आजीला वार्षिक राशिभविष्य आधी हवं, आजोबांना लेख, आत्याला कथा. मी शेंडेफळ, माझा नंबर शेवटी. पण दुपारी सगळे आडवे झाले की अंक माझा. मग जे समोर येईल ते वाचायचो. गिरणीच्या संपावरची कथा, घर सोडून गेलेल्या बाईची कथा, निम्म्याहून जास्त डोक्यावरून जाणाऱ्या कविता. "हे तुझ्या वयाचं नाही" असं कुणी म्हटलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. मुलांची पुस्तकंही भरपूर वाचली मी. पण वाचनाचं वेड लागलं ते त्या न कळणाऱ्या कथांनी. ती बाई घर सोडून का गेली, हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली, आणि तोवर मी वाचतच राहिलो.

आता तुझ्या फोनचं. फोनवर मी वाचतोच, पण काय वाचतोय ते तुला दिसत नाही. बाबा फोनवर आहे, एवढंच दिसतं. अंक मात्र टीपॉयवर पडून राहतो. परवा तू त्यातली व्यंगचित्रं उलट्या बाजूने बघत होतीस, मी पाहिलं. काही बोललो नाही.

सगळे अंक चांगले असतात असं मुळीच नाही. काहींत जाहिरातींमधून कथा शोधावी लागते. त्याच त्या लेखकांच्या त्याच त्या आठवणी असतात, त्या मी सरळ उलटतो. तूही उलट. कंटाळा आला तर अर्ध्यावर सोड, इथे परीक्षा नाही. तुला सोपं काही हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' आहे, १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. हो, ते फोनवरच वाचावे लागतील, हस खुशाल.

रविवारी यातले अर्धे अंक पलीकडच्या गल्लीतल्या मराठी घरी जातील आणि त्यांचे आपल्याकडे येतील. तुला हवा तो त्याआधी काढून ठेव. फक्त भविष्याची पानं जागेवर राहू देत, आजी व्हिडिओ कॉलवर तिची रास वाचून घेते.

तुझा,
बाबा