भाषांतराच्या कामात ओळख होईपर्यंत दर कमी ठेवावा का?

खानापुरात राहून कन्नड-मराठी भाषांतराची कामे घ्यायची आहेत, तर नाव होईपर्यंत दर निम्मा ठेवावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की ठेवू नये. बेळगावात मीही पडेल दरानेच सुरुवात केली होती. त्या अनुभवावरून सांगतो की कमी पैसे मिळणे हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा हा की पहिल्या बिलावरचा आकडा गिऱ्हाइकाच्या मनात पक्का बसतो आणि ते ज्यांना तुमचे नाव सुचवते त्यांनाही तोच आकडा सांगते. सवलत द्यायचीच असेल, तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून सवलत खाली वेगळ्या ओळीत दाखवावी, म्हणजे पुढच्या वेळी पूर्ण रक्कम मागताना संकोच वाटत नाही.

पानामागे सरसकट एकच दरही सांगू नये. आपल्या भागात पहाणीचे (कर्नाटकातल्या जमीन-नोंदीचे) उतारे, फेरफार, वाटणीपत्रे असली कामे फार येतात. संगणकावरची पहाणी चटकन होते, परंतु बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने जुन्या दप्तरात हाताने लिहिलेले मराठी, क्वचित मोडी कागदही निघतात, आणि तसले एक पान लावता लावता सकाळ सरते. शिवाय पहाणीत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते आणि महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. कोल्हापूरच्या वकिलांसाठी २ एकर २० गुंठे लिहिताना शेजारी सुमारे १ हेक्टर १ आर असेही लिहून ताळा करून द्यावा लागतो, आणि ही मेहनत पानांच्या संख्येत कुठेच दिसत नाही. म्हणून कागद डोळ्यांखालून घातल्याशिवाय फोनवर रक्कम सांगू नये, कितीही आग्रह झाला तरी.

पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांचे काम घेणार असाल, तर आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी. ती विनाशुल्क होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि त्यापुढे व्याज लागते. बिलावर नोंदणी क्रमांक आणि देय तारीख दोन्ही छापावीत. गावातल्या घरगुती कामांना मात्र अर्धी रक्कम आगाऊ घेणे पुरेसे आहे.