नऊ वारांचं चऱ्हाट

प्रश्न : 'द होल नाइन यार्ड्स' (शब्दशः 'पूर्ण नऊ वार', अर्थ 'सगळंच्या सगळं') हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्या नऊवारी साडीवरून आला, हे खरं का? आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : खरं नाही. पाडव्याच्या शोभायात्रेच्या समालोचनात एका निवेदिकेनं हे ठणकावून सांगितलं, आणि तेव्हापासून नऊवारीतल्या प्रत्येक फोटोखाली तेच वाचतोय. चीड येते ती अशासाठी की नऊवारीला असल्या उसन्या मोठेपणाची गरजच नाही.

आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी एक अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला आहे. मिचेल नावाच्या छोट्या गावचं वर्तमानपत्र, जून १९०८. गावातला एक जण मासे पकडायला जाऊन आलाय आणि त्याच्याकडे सांगायला भलीमोठी कहाणी आहे. संपादक म्हणतात, आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, पण कधीतरी कुणीतरी बेसावध माणूस त्याच्या तावडीत सापडेल आणि हा त्याला सगळे नऊ वार ऐकवेल. दुसरा दाखला शेजारच्या केंटकीतला, १९१२ चा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांची तेव्हा जुंपली होती. माउंट व्हर्ननचं वर्तमानपत्र म्हणतं, भांडण आणखी तापू द्या, मग हे दोघं सगळे सहा वार सांगून टाकतील.

सहा! नऊ नव्हेत. नऊ या आकड्यावर उभारलेले सगळे इमले या एका आकड्यानं कोसळतात. लढाऊ विमानांच्या मशीनगनचा सत्तावीस फुटी काडतुसांचा पट्टा घ्या, जहाजाच्या तीन डोलकाठ्यांवरच्या नऊ परबाणांची, म्हणजे शिडाच्या आडव्या काठ्यांची, गोष्ट घ्या, नाहीतर आपली नऊवारी. विल्यम सफायर यांच्यासारखा भाषेवर वर्षानुवर्षं सदर लिहिणारा माणूस काँक्रीटच्या गाडीच्या, म्हणजे गाडीत नऊ घनयार्ड माल मावतो या गोष्टीच्या, बाजूनं उभा राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं. १९६२ सालीसुद्धा त्या गाड्यांची सरासरी क्षमता ६.२४ घनयार्ड होती. नऊ आले कुठून?

आकडे जुळतात म्हणून नातं लागत नाही. आपण म्हणतो, 'माझ्यामागे सतराशे साठ भानगडी आहेत.' मैलात वार किती? बरोबर १७६०. मग भानगडी मैलानं मोजायच्या का?

येल विद्यापीठाचे फ्रेड शपिरो आणि त्यांच्या सहकारी शोधक बॉनी टेलर-ब्लेक यांनी या जुन्या दाखल्यांच्या शोधात फार मोलाचं काम केलं. शपिरो म्हणतात, आकड्याला अर्थ नाही, तो नुसता फुगत गेला. इंग्रजीत आनंदानं तरंगणारा माणूस आधी सातव्या ढगावर असायचा, तो नंतर नवव्यावर गेला, तसंच हे. इथवर मान्य. पण आकडा निरर्थक ठरला म्हणून वारही निरर्थक ठरतो का? इथे थांबणं मला पटत नाही. वरचे दाखले पुन्हा वाचा. मोजलं काय जातंय? दोन्हीकडे बोलणं! माशांची कहाणी, पुढाऱ्यांची उणीदुणी. लांबलचक बोलणं म्हणजे लांबलचक कापड, ठाण उलगडत जावं तसं. आपण त्यालाच चऱ्हाट म्हणतो, आणि चऱ्हाट म्हणजे जाड दोर. त्यांनी बोलणं कापडासारखं मोजलं, आपण दोरासारखं वळलं. याच भागात, इंडियानातल्या न्यू ऑल्बनीच्या पत्रात, १८५५ साली एक विनोद छापला होता. तीन शर्टांचं कापड दिलं आणि शिवणारीनं सगळेच्या सगळे नऊ वार एकाच शर्टात घातले. न्यू ऑल्बनी ओहायो नदीच्या एका काठाला, पलीकडच्या काठावर केंटकी. हा विनोद आणि हा वाक्प्रचार यांना जोडणारा दुवा अजून हाती नाही, तरी मी कापडाच्याच बाजूनं आहे.

आणि त्या 'यार्ड'चं मूळ तर फार सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द म्हणजे काठी. जहाजावरचं परबाण, ज्याला शीड बांधतात, तेही यार्डच, कारण तीही काठीच. (अंगण या अर्थाचा यार्ड वेगळा, तो बागेच्या 'गार्डन'चा नातलग.) पोर्तुगीजांचं कापड मोजायचं माप 'वारा', म्हणजे पुन्हा काठी, आणि आपला वार तिथूनच आला असं माझं ठाम मत आहे. फारसीतला गज आपल्याकडे मापही झाला आणि खिडकीचा गजही. जमीन मोजायला तर आपण सरळ काठीच म्हणतो, वीस काठ्यांचा एक पांड. आमच्या आजीला मात्र कुठलीच काठी लागत नसे. लुगड्याचा काठ नाकाशी धरायची, हात बाजूला ताणायची, झाला एक वार. दुकानदाराची पितळी टोकांची पट्टी तिच्या हातापेक्षा बोटभर कमी भरली की ती ठाण परत करायची.

मराठी प्रतिशब्द राहिलाच. सोहळ्याबद्दल असेल तर 'साग्रसंगीत', हकिकत असेल तर 'अथपासून इतिपर्यंत', माणसं असतील तर 'झाडून सगळी'. 'संपूर्ण नऊ यार्ड' मात्र लिहू नका.