रशियन यादवीच्या काळातल्या प्रांतिक नोटा आणि रोखे जमवायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा: खिसा बेताचा आहे, रशियन येत नाही, तर १९१७ ते १९२२ मधल्या प्रांतिक नोटा आणि रोखे जमवायला सुरुवात कशी करावी, आणि फसायचं कसं नाही? थोडक्यात सांगायचं तर एकच प्रदेश धरा, आणि पहिलं वर्षभर तरी वरून शिक्का मारलेल्या नोटांच्या वाटेला जाऊ नका.

एकच प्रदेश का, तर पसारा अफाट आहे. महायुद्धात लोकांनी चांदीची नाणी दडवून ठेवली, म्हणून १९१५ मध्ये सरकारने टपाल तिकिटांच्याच ठशांवरून जाड कागदावर १०, १५ आणि २० कोपेकची सुटी छापली. क्रांतीनंतर पेट्रोग्राडच्या छापखान्यातली रोकड आघाड्यांपलीकडे पोहोचेना. मग स्टेट बँकेच्या शाखा, नगरपालिका, कोसॅक या लढवय्या समाजाची सरकारं, सेनापती, सहकारी संस्था, ज्याला जमलं त्याने आपापला कागद काढला. सेमिरेच्येमध्ये (आजच्या अल्माटीचा भाग) अफूच्या साठ्याच्या तारणावर नोटा निघाल्या, खिव्यात (आजच्या उझबेकिस्तानात) तर लाकडी ठशांनी रेशमी कापडावर. हे सगळंच हवंहवंसं वाटतं, आणि नवखा माणूस दहा ठिकाणचे दहा तुकडे घेऊन बसतो, ज्यांतल्या एकाचीही त्याला धड माहिती नसते.

सुरुवातीला युक्रेन घ्या. माल मुबलक, दर आवाक्यातले, आणि एकाच देशात नोटा, तिकीट-पैसे, रोखे असं तिन्ही मिळतं. १९१८ ची ५० कार्बोव्हानेत्सची (तेव्हाचं एक युक्रेनी चलन) नोट पाहा, जिच्यावर खोरं घेतलेला शेतकरी आहे. मालिकेची अक्षरं ‘एके’ असतील तर छपाई कीव्हची, ‘एओ’ असतील तर ओडेसाची. ओडेसाच्या नोटांत २०९ पर्यंतचे क्रमांक युक्रेनी सरकारचे. २१० पासून पुढच्या देनीकिन या श्वेत (बोल्शेव्हिकविरोधी) सेनापतीच्या अमलात छापल्या गेल्या आणि युक्रेनी सरकारने त्या खोट्या ठरवल्या. ठसे तेच, पण कॅटलॉगमध्ये दोन वेगळ्या नोंदी. क्रमांक दिसत नसलेला फोटो पाठवणाऱ्याकडून ही नोट घेऊ नका.

त्याच वर्षीचे शाहीव (१०० शाहीव म्हणजे १ ह्रिव्न्या) तिकिटासारखे दिसतात: १०, २०, ३०, ४०, ५०. पैसे म्हणून काढलेले जाड कार्डावर, कडेला भोकं पाडलेले, मागे त्रिशूळ आणि ‘नाण्याच्या बरोबरीने चालतं’ अशा अर्थाचा मजकूर. टपालाची तिकिटं पातळ कागदाची, भोकं नसलेली, मागे मजकूर नाही. मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

रोख्यांत १९१८ चे ३.६ टक्क्यांचे खजिन्याचे रोखे अभ्यासाला उत्तम: ५०, १००, २०० आणि १००० ह्रिव्न्याचे, सहामाही व्याजाच्या कुपनांसह. व्याजाचा हिशेब स्वतः करून पाहा. ५० च्या रोख्याचं अर्ध्या वर्षाचं व्याज ९० शाहीव, तर कुपनावरही ९० च हवं. १०० वर १ ह्रिव्न्या ८० शाहीव, १००० वर १८ ह्रिव्न्या. ही कुपनं कापून पैसे म्हणून चालत, त्यामुळे सुटं कुपन ही स्वतंत्र वस्तू आहे आणि कुपनं गेलेल्या रोख्याची किंमत पडते. विक्रेता ‘पूर्ण’ म्हणतो तेव्हा कुपनं मोजा.

रशियातल्या ‘स्वातंत्र्य कर्जा’चे (१९१७, ५ टक्के) रोखेही पुष्कळ मिळतात. सोव्हिएत सरकारने १९१८ च्या सुरुवातीला जुनी सरकारी कर्जं रद्द केली, पण नोटांचा तुटवडा इतका की याच कर्जाचे १०० रुबलपर्यंतचे रोखे पैसे म्हणून चालू दिले. ‘हे आजही वटतात’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे व्हा. १९९६ च्या करारात रशियाने फ्रान्सला ४० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, पण तो दोन सरकारांमधला मामला होता.

युक्रेन हाताशी बसलं की डॉन नदीकाठच्या कोसॅक प्रदेशाकडे वळा. रोस्तोव्हच्या छपाईत १०० रुबलवर कोसॅक वीर येर्माक, २५० वर आतामान (कोसॅकांचा प्रमुख) प्लातोव्ह, आणि दक्षिणेच्या श्वेत सैन्याच्या १९१९ च्या १००० रुबलवर क्रेमलिनची प्रचंड घंटा. या इतक्या छापल्या गेल्या की मळकट, फाटकी प्रत घेण्यात अर्थ नाही. थोडं थांबलात तर कोरी करकरीत मिळते.

भाषा येत नसली तरी लिपीची ३३ अक्षरं शिकाच. एक सोय अशी की १९१८ च्या सुधारणेआधीच्या लेखनात व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी एक मुकं अक्षर लागायचं, रोमन लहान ‘बी’सारखं पण डोक्यावर डावीकडे शेपूट असलेलं. श्वेत सरकारांनी बहुधा जुनंच लेखन ठेवलं, लाल (बोल्शेव्हिक) बाजूने नवं धरलं. जुने ठसे दोघांनीही वापरले, म्हणून हा फक्त पहिला अंदाज. नोटेवरच्या सालावर तर मुळीच विसंबू नका: १९०९ साल असलेल्या झारच्या नोटा क्रांतीनंतरही छापल्या जात होत्या.

आता शिक्के. चार आण्याची झारकालीन नोट घ्यायची, त्यावर एखाद्या गावाचा रबरी शिक्का मारायचा आणि शंभरपट दर लावायचा, हा जुना धंदा आहे. दहापट भिंगाखाली शिक्का घडीवरून जातो ती जागा बघा. घडीवर कागदाचे तंतू तुटून पांढरे पडतात. शाई त्या तंतूंत उतरली असेल तर शिक्का घडी झिजल्यानंतरचा. असं १९१८ मध्येही घडू शकतं, कारण तेव्हा वापरातल्या नोटांवरच शिक्के मारले जात. पण मग शिक्काही पुढे थोडा घासला गेलेला हवा. कागद मऊ पडलाय आणि शिक्का मात्र कालचा, तर सोडून द्या.

अतिनील टॉर्चखाली (३६५ नॅनोमीटर) कागद निळसर पांढरा झगमगला तर तो त्या काळचा नाही. चमक आणणारी रसायनं कागदात खूप नंतर आली. भिंगात रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई आजची. धुऊन इस्त्री केलेल्या नोटेत क्रमांकाचा दाब मागे हाताला लागत नाही, पण उजेडासमोर धरली की मोडलेली घडी दिसते. तुम्ही स्वतः काहीही धुऊ नका, जांभळे शिक्के पाण्यात पसरतात.

ठेवायला पॉलिस्टरचे पाऊच घ्या. पीव्हीसीचे अल्बम काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढतात. सेलोटेप आणि लॅमिनेशन म्हणजे नोट गेली. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि गणपतीच्या सुमारास ते बदला. मोठे रोखे घड्या घालून नका ठेवू, आडवे सपाट ठेवा.

खरेदी जर्मनी, पोलंड किंवा बाल्टिक देशांतल्या व्यापाऱ्यांकडून सोपी जाते. रशियातून शंभर वर्षांहून जुन्या वस्तू बाहेर काढायला परवानगी लागू शकते, आणि तिकडे पैसे पाठवणंही सध्या अवघड आहे. ‘पिक’ या जगभरच्या नोटांच्या कॅटलॉगमध्ये प्रांतिक नोटांच्या क्रमांकाआधी ‘एस’ असतो. विक्रेत्याकडून तो क्रमांक, दोन्ही बाजूंचे स्कॅन आणि नोट परत करायची मुदत आधी लेखी मागा.