विचारा वकीलताईंना : मामंजी पुन्हा लोकसभेला उभे राहणार म्हणतात

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले. लोकसभेची निवडणूक आली की आमचे मामंजी अपक्ष म्हणून अर्ज भरतात. दरवेळी डिपॉझिट जातं. आता वय सत्तरीच्या पुढं. त्यांचं म्हणणं एकच : जमिनीच्या उताऱ्यापासून लाईट बिलापर्यंत सगळे कागद आम्हाला मराठीतूनही मिळाले पाहिजेत आणि हे दिल्लीत कुणीतरी उठून बोललं पाहिजे. म्हणणं खोटं नाही. पण गावात "खासदार आले" म्हणून हाक मारतात, माझ्या मुलाला शाळेत चिडवतात. आमच्या ह्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. आता २०२९ साठी मामंजी दुधाच्या बिलातून पैसे बाजूला काढायला लागलेत. त्यांना कायद्यानं अडवता येतं का? आणखी एक. गेल्या आठवड्यात त्यांच्या नावानं रजिस्टर पोस्टानं लिफाफा आलाय. आत कन्नड आणि इंग्रजी मजकूर आहे. शेजारच्या मुलानं बघून "निवडणूक खर्चाचं काहीतरी आहे" एवढंच सांगितलं. मागच्या निवडणुकीतली पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या पानांची एक वही ट्रंकेत तशीच पडून आहे. तिचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक सून, बेळगाव तालुका

उत्तर : सूनबाई, आधी तो लिफाफा. बाकीचं सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ती निवडणूक आयोगाची नोटीस असणार. लोकसभेला उभा राहिलेल्या प्रत्येक उमेदवाराला, जिंकलेल्याला आणि हरलेल्याला सारखंच, निकाल लागल्यापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यावा लागतो. म्हणजे आपल्याकडं कलेक्टर कचेरीत. मागचा निकाल ४ जून २०२४ ला लागला. ट्रंकेतली वही हाच तो हिशेब. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख पैसे, पिवळ्यावर बँकेचं खातं. एक रुपयाही खर्च केला नसला तरी ती भरून द्यायची असते. बऱ्याच अपक्षांना वाटतं, हरलो, डिपॉझिट गेलं, आता सरकारचं नि आपलं काही देणंघेणं उरलं नाही. तसं नाही.

अशी नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत लेखी खुलासा आणि सोबत हिशेब द्यावा लागतो. खुलासा दिला नाही किंवा आयोगाला पटला नाही, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी उमेदवार अपात्र ठरतो. लोकसभेला नाही, विधानसभेलाही नाही. तीन वर्षं आदेशाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे उशिरा निघालेला आदेश २०२९ ची निवडणूक सरळ गिळू शकतो. मामंजींना अडवायचंच असेल तर लिफाफा ट्रंकेत टाकला की झालं. पण तुम्ही तसं करणार नाही असं तुमच्या पत्रावरून मला दिसतंय, आणि करूही नका. लिफाफ्यावरची पोस्टाची तारीख जपून ठेवा. वही, पावत्या, निवडणुकीसाठी उघडलेल्या बँक खात्याचं पासबुक घेऊन ओळखीच्या वकिलाकडं जा. उशीर का झाला ते खरं लिहा. कागद वाचता आला नाही हे खरं असेल तर तेच लिहा. ही लिहायला लाजायची गोष्ट नाही. मामंजी इतकी वर्षं ज्यासाठी उभे राहतायत तेच तर हे.

आता तुमचा मूळ प्रश्न. कायद्यानं अडवता येत नाही. वयाची २५ पूर्ण, भारताचा नागरिक, मतदार यादीत नाव, अपात्रता नाही, एवढं असलं की मुलगा, सून, भाऊबंद, कुणाच्याही संमतीची गरज नाही. छाननीच्या दिवशी घरच्यांनी जाऊन "आमचा विरोध आहे" म्हटलं तरी निवडणूक निर्णय अधिकारी ते ऐकून घेणार नाहीत.

आणि खरं सांगू का, अडवू नये असंच माझं मत आहे. का ते सांगते.

अपक्षाच्या अर्जावर दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो, अपक्षाला दहा. दहाही त्याच मतदारसंघातले, प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि सही. एखाद्याचा अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोर जाऊन उठवावा लागतो. दहातला एक जरी त्या मतदारसंघाचा मतदार नसला तरी अर्ज बाद होऊ शकतो. मामंजींचा अर्ज दरवेळी मंजूर होतो, म्हणजे दरवेळी दहा माणसं स्वतःचं नाव, नंबर देऊन त्यांच्या मागं उभी राहतात. त्यातली बरीचशी तुमच्याच गावातली असणार. चावडीवर "खासदार" म्हणून हसणाऱ्यांत त्यातले एक-दोघं असतीलही, पण सही करताना ते हसलेले नाहीत. अर्जाची प्रत घरात असेल तर ती तुमच्या मुलाला दाखवा. कुणाकुणाच्या सह्या आहेत ते त्याला वाचू दे.

मी नोटरी आहे. निवडणूक लागली की कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलाशी फॉर्म २६ घेऊन माणसं येतात. हे मालमत्ता, कर्ज आणि खटल्यांचं प्रतिज्ञापत्र. एकही रकाना कोरा सोडायचा नसतो, नसेल तिथं 'निरंक' लिहायचं. एका वर्षी सौंदत्तीच्या बाजूचे एक म्हातारे अपक्ष आले होते. कर्जाच्या रकान्यात कृषी पत्तीनचं, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेचं, पीक कर्ज सांगितलं, मग खिशातून चुरगळलेली पावती काढून व्याजाचा आकडा पैशांसकट लिहायला लावला. टायपिस्ट म्हणाला, आजोबा, पैसे सोडा की. ते म्हणाले, "शपथ घेऊन लिहितोय नव्हं, मग पुरं लिही." त्या आठवड्यात माझ्या टेबलावरून बरीच प्रतिज्ञापत्रं गेली. इतकं काटेकोर दुसरं नव्हतं. अशा माणसाला मी वेडा म्हणणार नाही आणि माझ्यासमोर कुणाला म्हणूही देणार नाही.

आपल्या भागात तर या गोष्टीला इतिहास आहे. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या माणसांनी ढिगानं अर्ज भरले होते. तेव्हा डिपॉझिट ५०० रुपये होतं. त्याच वेळी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० आणि तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १०३३ उमेदवार उभे होते. त्याच वर्षी कायदा बदलला, डिपॉझिट १०,००० झालं आणि अपक्षाला दहा सूचक आले. २०१० पासून डिपॉझिट २५,००० आहे, अनुसूचित जाती-जमातींना त्याच्या निम्मं. म्हणजे मामंजी जे २५,००० साठवतायत आणि ज्या दहा सह्या गोळा करतात, त्या नियमामागं बेळगावचाही हात आहे. २०१९ ला पुन्हा तसंच झालं. ५७ उमेदवार, 'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही' धरून ५८ बटणं. एका यंत्रावर १६ बसतात, त्यामुळे प्रत्येक केंद्रावर चार-चार यंत्रं ओळीनं मांडावी लागली.

डिपॉझिट जाण्याची लाज मात्र मनातून काढा. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच ते परत मिळतं. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांना एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. केवढी मोठी गोष्ट होती ती! तरी एकूण मतं दहा लाखांच्या घरात, त्यामुळे एक षष्ठांश म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास लागत होती. लाखभर लोक मागं असूनही जिथं डिपॉझिट वाचत नाही, तिथं एकट्या म्हाताऱ्या माणसाचं वाचलं नाही म्हणून कुणी मान खाली घालू नये. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन १९८८ पासून दोनशेच्या वर निवडणुका लढलेत, पंतप्रधानांच्या विरोधातसुद्धा, आणि हरले तरी सामान्य माणूस उभा राहू शकतो हे दाखवायचंय म्हणतात.

पैशाची गोष्ट वेगळी, तिथं मी तुमच्या बाजूची आहे. दुधाचं बिल घराचं असतं. शेण-वैरण बहुधा तुम्हीच करत असाल. मामंजींना सरळ सांगा : डिपॉझिट तुमच्या पेन्शनमधून किंवा तुमच्या वाट्याच्या उत्पन्नातून, दुधाला हात लावायचा नाही. ते सूचकांकडून, मित्रांकडून वर्गणीही घेऊ शकतात. फक्त ती निवडणूक खात्यात जमा व्हावी, वहीत चढावी, आणि एका माणसाकडून १०,००० वर रोख घेऊ नये. कर्ज काढून किंवा दागिना ठेवून निवडणूक नाही, हे घरात सगळ्यांसमोर एकदा बोलून घ्या. हे बोलायला तुमच्या मालकांनाच बसवा. अबोला मोडायलाही तेवढंच निमित्त.

आणि त्यांना एक माझ्याकडून सांगा. पाच वर्षांतून एकदा अर्ज भरून मधली वर्षं गप्प बसू नका. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून केंद्राचं धोरण आहे : जिथं त्यांची वस्ती १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. घटनेच्या कलम ३५०-ब खाली या तक्रारी बघायला केंद्राचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला असतो. तालुक्याच्या नावानं, गावाच्या नावानं, कुठला कागद मागितला आणि कुठल्या भाषेत मिळाला ते तारखेसह लिहून त्याला पाठवा. पोचपावती जपा. लोकसभेचा उमेदवार म्हणून त्यांनी आजवर जे भाषणात सांगितलं, ते असं कागदावर आलं तर २०२९ ला मत मागताना हातात फाईल असेल.

प्रश्न : मी पहिल्यांदा मतदान करणार. निवडून न येणाऱ्या अपक्षाला मत दिलं तर ते वाया जातं का? त्यापेक्षा नोटा बरं का?
— नवमतदार, हिंडलगा

उत्तर : वाया जात नाही. निकालानंतर फॉर्म २० नावाचा तक्ता निघतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. ज्या गावात उमेदवार कधी गेला नाही तिथंही त्याच्या नावापुढं सात-आठ मतं दिसतात. पुढच्या वेळी कुठल्या गावात जायचं हे त्याला त्यावरून कळतं. निकाल थोडक्यात लागला की "मतं फोडली" म्हणणारे भेटतील. २०२१ ला इथं पहिल्या दोघांत पाच हजारांच्या आसपासच फरक होता. पण मत मतदाराचं असतं, ज्याला पडलं नाही त्याचं ते कधी नव्हतंच. नोटाचं म्हणाल, तर ती मतंही मोजतात, पण डिपॉझिटचा एक षष्ठांश काढताना वैध मतांत धरत नाहीत.